जिना चढताना

ऊर्मिलाने आईला जर्मनीला बोलावलं ते हवापालटासाठी नव्हे, कामासाठी. आईलाही ते ठाऊक होतं. फोनवर तिने एवढंच विचारलं, "किती दिवसांची तयारी करू?" आणि ऊर्मिला म्हणाली, "तीन महिने. व्हिसा तेवढाच मिळतो."

कराडला शनिवार पेठेत ऊर्मिलाचा दातांचा दवाखाना नऊ वर्षं चालला होता. बाजाराच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसायला जागा उरायची नाही. मग तिच्या नवऱ्याला, रुपेशला, जर्मनीतल्या येना शहरात नोकरी लागली, भिंगं घासायच्या यंत्रांचं डिझाइन करायची. ज्या कामासाठी तो पुण्यात दहा वर्षं झुरला, ते काम आपणहून चालून आलं होतं. ऊर्मिलाने दवाखाना खुर्चीसकट एका ज्युनिअर मुलीच्या हवाली केला आणि दोन वर्षांच्या अन्वीला कडेवर घेऊन विमानात बसली. सहा महिने भाषेला, सहा महिने कागदपत्रांना, मग पुन्हा दवाखाना, असा तिचा हिशोब होता.

त्याला चार वर्षं झाली. इथे दातांवर हात ठेवायचा तर आप्रोबात्सिओन लागतं, म्हणजे सरकारी परवाना. त्याच्याआधी डॉक्टरी भाषेची परीक्षा, आणि त्यानंतर तीन परीक्षकांपुढे कॉलेजात शिकलेलं सगळं पुन्हा एकदा, जर्मनमधून. पहिल्या खेपेला ऊर्मिला त्यात नापास झाली. हाताच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती, पण तोंडी परीक्षेत जीभ अडखळली ती अडखळलीच. पुढची तारीख मिळायला चौदा महिने गेले. तोवर ती डॉक्टर हार्टुंग नावाच्या माणसाच्या दवाखान्यात मदतनीस होती. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तो रूट कॅनाल करायचा आणि ती पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून उभी राहायची. कधीकधी त्याचा हात जिथे घुटमळायचा तिथे नेमकं काय करायचं हे तिला दिसायचं. ती नळी तेवढी सरकवायची. माणूस मात्र चांगला होता. "पास व्हा," तो म्हणाला होता, "जुलैपासून दुसरी खुर्ची तुमची."

परीक्षा मेच्या अखेरीस होती. आई मार्चच्या शेवटी आली.

आई, म्हणजे प्रभाताई, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. कन्याशाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने सडसडीत, कुणाच्या उपकाराचं ओझं घ्यायचं नाही अशा स्वभावाच्या. आल्या त्या दुसऱ्या दिवशीच त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आठवडाभरात अन्वीच्या शाळेचा रस्ता पाठ केला आणि दुपारी तिला आणायला जाऊ लागल्या. अन्वीला मराठी कळायचं, पण ती उत्तरं जर्मनमधून द्यायची. आजी मराठीत विचारायची, नात जर्मनमध्ये सांगायची, आणि दोघींचं कसं कोण जाणे, पण छान चालायचं. ऊर्मिला सकाळी दवाखान्यात, दुपारपासून विद्यापीठाच्या लायब्ररीत. घरी यायची ती सातला. ताटं वाढलेली असायची, अन्वीची अंघोळ झालेली असायची. चार वर्षांत पहिल्यांदा तिला एकसलग तीन तास वाचायला मिळत होते.

घर येनाच्या लोबेडा भागात होतं, जुन्या सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, "ऊर्मे, ही डावीकडची खालची दाढ ठणकते गं हल्ली. एरवी काही नाही. जिना चढताना ठणकते."

"जिना चढताना?" ऊर्मिला हसली. "दाढेला कसा कळतो गं जिना?"

रुपेशही हसला. आईसुद्धा हसली. ऊर्मिलाने मोबाइलचा दिवा लावून तिला आ करायला लावलं. दाढेत जुनं चांदीचं फिलिंग होतं, कधीकाळी तिनेच भरलेलं. चमच्याच्या दांड्याने तिने त्यावर टकटक केलं.

"दुखतं?"

"नाही."

"गार पाणी लागतं?"

"नाही गं. जिन्यातच दुखतं. वर येऊन जरा बसलं की थांबतं."

"फिलिंग जुनं झालंय, खाली थोडं किडलं असेल. परीक्षा झाली की बघू," ऊर्मिला म्हणाली आणि हात धुवायला उठली. आईने पुरतं उत्तर दिलं होतं. ऊर्मिला ते ऐकत होती, पण तिचं डोकं लायब्ररीत अर्धवट सोडलेल्या प्रकरणात होतं.

दुसऱ्यांदा आईने विषय काढला तो परीक्षेला पंधरा दिवस असताना. रविवार होता. ऊर्मिला झोपायच्या खोलीत दार लोटून वाचत बसली होती. आई दारात उभी राहिली.

"काल पिशव्या घेऊन येताना अर्ध्या जिन्यात बसावं लागलं मला. जबडाच धरला सगळा."

"आई, अठ्ठावीस तारखेला परीक्षा आहे," ऊर्मिला मान न वळवता म्हणाली. "एकोणतीसला मी स्वतः तुला खुर्चीत बसवते, एक्स-रे काढते. तोवर ड्रॉवरमधली ती पांढरी गोळी घे जेवणानंतर. आणि पिशव्या रुपेश आणेल."

"बरं," आई म्हणाली आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

पिशव्या आणायचं ऊर्मिला रुपेशला सांगायला विसरली. आईने मग तो विषय काढलाच नाही.

अठ्ठावीसला ऊर्मिला सकाळच्या गाडीने परीक्षेला एरफुर्टला गेली. आईने डब्यात दहीभात दिला होता. दुपारपर्यंत हाताचं काम झालं, ते उत्तम झालं. दोनला तोंडी परीक्षा सुरू झाली. फोन आणि पर्स बाहेरच्या कपाटात ठेवून घेतले होते. समोर दोन पुरुष, एक बाई. मधल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांचा आवाज मऊ होता. पहिले तीन प्रश्न तिने सरळ पार केले. भाषा या वेळी तिला साथ देत होती.

मग प्राध्यापक म्हणाले, "एक बाई तुमच्याकडे येते. पासष्टीची. डावीकडचा खालचा जबडा दुखतो म्हणते. तुम्ही तपासता, दातांत काही सापडत नाही. ठोकून दुखत नाही, थंड लागत नाही. श्रम केले की दुखतं, बसलं की थांबतं. तुमच्या मनात काय येईल?"

उत्तर पाठ होतं. ते तोंडातून धो धो बाहेर पडलं. हे दुखणं दाताचं नाही, हृदयाचं असण्याची शक्यता आधी धरायची. स्त्रियांमध्ये छातीऐवजी जबड्यात कळ येऊ शकते. दाताला हात लावायचा नाही, पेशंटला बसवायचं, हालचाल करू द्यायची नाही, अँब्युलन्स बोलवायची.

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्राध्यापक खूश होऊन म्हणाले.

आणि स्वतःचेच शब्द कानांवर पडल्यावर ऊर्मिलाला जेवणाच्या टेबलाशी आ करून बसलेली आई दिसली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पाच-दहा मिनिटांत आई अन्वीला आणायला चपला घालणार होती.

तिने पाण्याचा ग्लास उचलला. तो न पिताच खाली ठेवला. परीक्षक बाईंनी ते पाहिलं. "फ्राऊ देशमाने, पाच मिनिटं थांबायचं का? थांबलं तरी काही बिघडत नाही."

पाच मिनिटं. कपाट दाराबाहेरच होतं. आईला फोन लावायचा आणि एवढंच म्हणायचं, की घरातून हलू नकोस. ऊर्मिलाला हे सगळं स्वच्छ दिसत होतं. पण मागच्या खेपेला तिची जीभ अशाच एका थांब्यानंतर अडखळली होती. चौदा महिने. हार्टुंगची दुसरी खुर्ची. आईचा संपत आलेला व्हिसा. महिना-दीड महिना चाललंय हे दुखणं, तिने मनाशी म्हटलं, अर्ध्या तासात काय होणार आहे.

"नको," ती म्हणाली. "मी ठीक आहे. पुढचा प्रश्न विचारा."

तीनला पाच मिनिटं असताना तिघांनी तिच्याशी हात मिळवला. पास. तिने आभार मानले, दार नीट लावलं, आणि कपाट उघडलं. रुपेशचे सात मिस्ड कॉल होते.

झालं ते असं. अन्वीला घेऊन येताना तिसऱ्या मजल्यावर आजी खाली बसली आणि तिला उठता येईना. अन्वीने शेजारच्या फ्राऊ वेंडलरचं दार वाजवलं. त्या म्हातारीने तत्काळ अँब्युलन्स बोलावली आणि मग रुपेशला फोन लावला. अँब्युलन्सच्या माणसांनी कुठे दुखतं विचारलं, आजीने सांगितलं, आणि सहा वर्षांच्या अन्वीने त्याचं जर्मन केलं, की आजीची दाढ दुखते. आईने बघितलीय, आई दातांची डॉक्टर आहे. त्या माणसांनी तरीही छातीला तारा लावल्या, म्हणून प्रभाताई वाचल्या.

ऊर्मिला हॉस्पिटलात पोचली तेव्हा त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. लेकीला पाहून त्यांनी आधी विचारलं, "झालीस पास?"

"हो."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

तेव्हाच सांगायचं होतं. ऊर्मिलाने तोंड उघडलंही, पण नर्स आली, मग रुपेश आला, मग अन्वीने आजीचा हात धरला आणि सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा बराच स्नायू गेला आहे, आता ते निम्म्या ताकदीने चालेल. पुढे कधीतरी ऊर्मिलाने रुपेशला त्या पाच मिनिटांचं सांगितलं. तो म्हणाला, "अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता. अडथळा आधीचाच होता."

"तिला तो जिना चढावा लागला नसता," ऊर्मिला म्हणाली.

आणि खरं म्हणजे त्या जिन्याआधीचेही किती जिने होते. रोज एकदा, कधी दोनदा, सव्वा महिना.

जूनच्या शेवटी रुपेश आईला व्हीलचेअरवरून कराडला पोचवून आला. जुलैत ऊर्मिलाच्या नावाची पाटी हार्टुंगच्या दारावर लागली. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे कायम होण्याआधीची परीक्षाच. त्यात लांबची रजा मागायची सोय नव्हती, निदान तिला तसं वाटलं. तिने मागून पाहिलीच नाही. कराडला ती गेली ती जानेवारीत, दहा दिवसांसाठी.

आई वाळली होती. आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची, नातीने वाचवलं मला. सगळं तिने जर्मनमध्ये सांगितलं, एवढीशी पोर. ऊर्मिला ते ऐकत चार दिवस घरात वावरली. पाचव्या दिवशी दुपारी भाऊ श्रीनाथ आणि वहिनी निशिगंधा कामावर होते. आई पलंगावर लसूण सोलत बसली होती. ऊर्मिला तिच्याजवळ बसली आणि तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्या प्राध्यापकांचा प्रश्न, तिचं उत्तर, घड्याळ, पाच मिनिटं, आणि "नको" म्हटलेलं.

आई ऐकत होती. हातातली पाकळी तिने पुरती सोलली आणि वाटीत टाकली.

"मी म्हटलं होतं तुला," ती म्हणाली. "जिना चढताना दुखतं म्हणून. दोनदा सांगितलं."

"हो, आई."

"तू हसलीस."

ऊर्मिलाला वाटलं होतं, आई म्हणेल, जाऊ दे, तुझा काय दोष. किंवा रागावेल तरी. आई दोन्ही करेना. थोड्या वेळाने तिने साली पदरातून झटकल्या आणि म्हणाली, "खिडकी लाव. वारं झोंबतंय." संध्याकाळी निशिगंधा आल्यावर ती तिच्याशी नेहमीसारखी बोलली. ऊर्मिलाशीही बोलली. निघताना अन्वीसाठी मेतकूट दिलं, पाठीवरून हात फिरवला. वरवर बघणाऱ्याला वाटावं, काही झालंच नाही.

फरक ऊर्मिलाला हळूहळू कळला. दर रविवारी फोन व्हायचा. "कशी आहेस?" ती विचारायची. "मी मजेत," आई म्हणायची. "पाय सुजतात का?" "छे." "धाप?" "काही नाही. तुझे पेशंट काय म्हणतात?" पूर्वी आई गुडघ्यापासून पित्तापर्यंत सगळं लेकीला सांगायची. डॉक्टरला मागाहून, ऊर्मीला आधी. आता तिला काहीच दुखत नव्हतं.

मार्चमध्ये श्रीनाथचा फोन आला. आई चार दिवस दवाखान्यात होती, फुप्फुसात पाणी झालं होतं, काल घरी आणली.

"मला का नाही कळवलंस?" ऊर्मिलाने विचारलं.

"तिनेच नको म्हटलं," तो संकोचून म्हणाला. "म्हणाली, ती कामात असते, तिला नको सांगू."

त्या रविवारी ऊर्मिलाने फोन लावला तो अन्वीच्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली. दार उघडंच होतं. अन्वी हल्ली आजीशी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहूनच.

"आजी, तू बरी आहे?"

"नाही गं बाई," पलीकडून आईचा आवाज आला, दमलेला, मोकळा. "झोपलं की जीव घुसमटतो. तीन उशा लागतात."

"मग?"

"मग बसून राहते. तुझे फोटो बघते."

ओट्याशी उभ्या असलेल्या ऊर्मिलाला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. जीव घुसमटतो म्हणजे काय, औषधाचा डोस कुठला वाढवायला हवा, हे तिला सांगता आलं असतं. ती दारापर्यंत गेली. अन्वीने मान वर करून फोन तिच्यापुढे धरला. स्क्रीनवर आईने लेकीला पाहिलं आणि पदर नीट केला.

"काय गं, जेवलात का सगळे?" आई म्हणाली.

"जेवलो," ऊर्मिला म्हणाली. "तू कशी आहेस?"

"मी मजेत."