दिवा विझेपर्यंत

सकाळी सातला दोन घाटांपलीकडच्या तलासहून केंजेगुलच्या भावाचा फोन आला. "आई आजचा दिवस काढेलसं वाटत नाही. लगेच निघा." आठ वाजता केंजेगुल गाठोडं मांडीवर घेऊन अंगणातल्या बाकावर बसली होती आणि तिचा नवरा सागिनाली गाडीत डोकं खुपसून बसला होता. गाडी सुरू करताच इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता.

त्यांच्या कारा-बाल्ता गावात गॅसवर चालणाऱ्या निम्म्या गाड्यांना तो दिवा कायमचाच लागलेला. लोक त्यावर काळी टेप चिकटवतात नि मोकळे होतात. सागिनाली मात्र टेपवाल्यांतला नव्हता. तीन वर्षांपूर्वी दिव्याकडे काणाडोळा करून तो घाट चढला होता, नि बोगद्याच्या तोंडाशी गाडी बंद पडून दोघं बर्फात कुडकुडली होती. शिवाय त्याच्या गाडीचं बॉनेट परक्याने कधी उघडलं नव्हतं, याचा त्याला भारी तोरा.

"अहो, टॅक्सी बघू या का?" केंजेगुलने विचारलं.

"आईकडे जायचं नि चार परक्यांत कोंबून बसायचं? अर्ध्या तासात शोधतो."

कुंपणावरून शेजारचा तेमिरकुल ओरडला, "अरे गाड्यांच्या डॉक्टरा, गॅसच्या गाडीला दिवा लागणारच! टेप देऊ का?"

"तुझ्या तोंडाला लाव!"

त्याने डॅशबोर्डखालच्या सॉकेटच्या दोन भोकांत वाकवलेली तार घातली, चावी फिरवली नि दिव्याची उघडझाप मोजली. दोन, मग थांबून एक. धुराच्या नळीतल्या सेन्सरची खूण. गॅसच्या गाडीला हीच खोड, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घड्याळात साडेआठ झाले होते. तेव्हाच निघायला हवं होतं. पण दिवा लागलेला ठेवून घाट चढायचा म्हणजे त्याच्या जिवावर आलं. त्याने सेन्सर काढून घासला, बॅटरीची तार सोडून पुन्हा लावली. दिवा विझला, दहा मिनिटांनी पुन्हा लागला. मग त्याने प्लग काढले. माणूस वाईट नव्हता, पण हातात कसब असलं की कधी थांबायचं ते कळेनासं होतं.

बाकावर केंजेगुल गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. सव्वीस वर्षांपूर्वी ती याच माणसासोबत पळून आली होती, आणि आईने सात वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पुढे येणंजाणं सुरू झालं, पण जे हवं होतं ते राहूनच गेलं. मरणाऱ्या आईने लेकराला म्हणायचं असतं, "माझ्या दुधाचं ऋण फिटलं, मी तुझ्यावर समाधानी आहे." ते ऐकल्याशिवाय लेकराच्या जिवाला चैन नाही. ते फोनवर सांगायचं नसतं, समोर बसून हात हातात घेऊन सांगायचं असतं.

दुपारी दीडला तिचा फोन वाजला. तिने ऐकला, खाली ठेवला नि गाठोडं उचलून गाडीत जाऊन बसली. "चला," एवढंच म्हणाली. सागिनालीने हात न पुसताच प्लग बसवले.

दिवा लागलेलाच होता. गाडी घाट चढली, बोगदा ओलांडला, दुसरा घाट उतरली. एकदाही अडखळली नाही. कुठेतरी बंद पडावी, म्हणजे आपलं खरं ठरेल, असं सागिनालीला वाटत राहिलं नि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

मयताच्या घरी जावयाने फाटकापासून मोठ्याने रडत यायचं असतं. जावयांचं रडणं ओठांवरचं, अशी थट्टाही चालते. सागिनालीच्या तोंडून आवाजच फुटला नाही. तो ग्रीस लागलेले हात तसेच धरून उंबऱ्याशी उभा राहिला.

आत केंजेगुलने भावजयीचा, उमसुनाईचा हात धरला. "वहिनी, आईने सगळ्यांना दुधाचं ऋण फिटल्याचं सांगितलं का?"

"सांगितलं गं. मुलांना सांगितलं, मलासुद्धा."

"आणि माझ्यासाठी?"

उमसुनाईने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "दहाच्या सुमाराला तुझी चौकशी केली. मी म्हटलं, जावई गाडी नीट करतायत. तर म्हणाली, 'करू दे बाई, घाट वाईट आहे, घाई करू नका म्हणावं. तिचं मी ती आली की तिलाच सांगेन.'"