खालच्या आळीतलं ते घर

"बघा, परत खडे," सूप हलवत पाळकीणबाई म्हणाल्या. "आणि किडेही. खालच्या आळीच्या तांदळातच निघतात हे."

सुई मेननं मान वर केली नाही; वयानं मोठी म्हणून सगळ्या तिला 'पी', म्हणजे आजी, म्हणत. आपल्या सुपातले खडे ती निमूटपणे वेचत राहिली. दर शनिवारी चर्चच्या बायका घरोघरचे मुठीचे तांदूळ गोळा करून आणत आणि निवडायला पाळकांच्या स्वयंपाकघरात जमत. भात शिजत घालण्याआधी एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची, हे म्यानमारच्या चिन डोंगरातल्या बाईला शिकवावं लागत नाही. गोळा करणारीनं तो डबा पाठीवरच्या टोपलीत उपडा करायचा, आत मात्र बघायचं नाही, असा रिवाज होता. त्या रिवाजावरच तिचं आजवर निभावलं होतं.

मुलगा मलेशियात कामाला लागल्यापासून तिच्या घरी सपाटीवरचा पांढराशुभ्र तांदूळ येत होता. जुन्या तांदळाचं खडे-किड्यांनी भरलेलं पोतं कोपऱ्यात पडून होतं. ते फेकवत नव्हतं आणि खाववतही नव्हतं. मूठभरच तर जातात, म्हणत तिनं ते देवाच्या डब्यात घालायला सुरुवात केली.

"कोण असेल गं एवढं चिक्कू?" पार त्याल म्हणाली. खालच्या आळीच्या टोपल्या तीच वाहून आणायची.

"चिक्कू कशाला म्हणतेस? तेच खात असतील बिचारे," पाळकीणबाई म्हणाल्या. "आणि त्यातूनही देवाला मूठ काढतात. आम्ही रोज संध्याकाळी त्या घरासाठी प्रार्थना करतो. आमची धाकटी तर म्हणते, देवा, त्यांच्या भातातले खडे काढ." मग त्या सुई मेनकडे वळल्या. "पी, तुम्हाला कळेल हे. तुम्ही भोगलंय."

"झालं! आता दरडीची गोष्ट," पार त्यालनं डोळे मिचकावले. "पाठ आहे आम्हाला. दरडीत घर गेलं, नवरा गेला, आणि देवानं एक दिवससुद्धा पोरांना उपाशी ठेवलं नाही!"

सगळ्या हसल्या. सुई मेनला हसू आलं नाही. त्या पावसाळ्यात तिची पोरं जगली होती ती चर्चनं दिलेल्या याच मुठींच्या तांदळावर. त्यात एकही खडा नव्हता, हे तिला आज इतक्या वर्षांनी आठवलं. साक्ष द्यायला ती चर्चमध्ये कितीदा उभी राहिली असेल, पण हे कधी सांगितलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाऊन तिनं ते पोतं डुकरांपुढे ओतलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात चांगले तांदूळ पडू लागले. कुणाला काही बोलायची गरज नाही, झालं ते झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

पुढच्या शनिवारी पाळकीणबाईंचा आनंद गगनात मावेना. "एक खडा नाही! एक किडा नाही! त्यांचे दिवस फिरले हो. देव विसरला नाही त्यांना." त्यांचे डोळे भरून आले होते. "पी, उपकारस्तुतीची प्रार्थना तुम्हीच करा. तुमच्या तोंडी शोभेल."

सुपं खाली ठेवली गेली. सगळ्यांनी डोळे मिटले. चुलीवर पाणी खदखदत होतं.

"हे बापा," सुई मेन म्हणाली, आणि अडली. कुणीतरी हळूच खाकरलं. अजूनही दोन शब्द बोलून निभावून नेता आलं असतं, तशी सवय होती तिला.

"बापा, ते घर माझं आहे," ती म्हणाली. "आणि घरात चांगले तांदूळ होते."

प्रार्थना संपवणारं आमेन तिनं म्हटलंच नाही. तिनं डोळे उघडले तर पार त्याल, पाळकीणबाई, साऱ्याजणी डोळे मिटून तशाच बसल्या होत्या. चुलीवरचं पाणी उतू जाऊन जाळ विझू लागला, तरी कुणी डोळे उघडले नाहीत.