वळणावरचे तीन हॉर्न

"लुंग, तो कोयता ठेवा बघू जरा खाली! कानात नुसती ठकठक भरलीय."

टेकाडावरून चानपेन ओरडली, तसा खाली बांबूच्या नळ्या तासत बसलेल्या लुंग मूनचा हात थांबला. साऱ्या गावाचा तो लुंग, म्हणजे काका. चानपेन स्वतः चोपन्न वर्षांची झाली होती, पण तिच्यासाठीही तो लुंगच होता.

"अगं, पावणेअकरा कधीच होऊन गेले," तो खालून म्हणाला. "गेली असेल तुझी पुई. वाऱ्यानं नेला असेल आवाज."

"वारा कुठंय? पान हलत नाहीये."

खरंच हलत नव्हतं. सागाची मोठाली पानं कशी चिकटवल्यासारखी स्थिर होती. चानपेन कानामागे तळवा धरून समोरच्या डोंगराकडे बघत उभी राहिली. त्या डोंगरापलीकडून नवा बायपास जात होता. तिची लेक पुई रोज सकाळी प्रवाशांची व्हॅन घेऊन त्यावरून शहराकडे जायची आणि जिथे डोंगर जरा खचलेला आहे, त्या तेविसाव्या किलोमीटरच्या दगडापाशी तीन हॉर्न द्यायची. दोन आखूड, एक लांब. ऐकायची आई, पण हॉर्न असायचे राखणदारासाठी, घाट सांभाळणाऱ्या देवासाठी. ते कानावर पडले की चानपेन खाली उतरायची आणि वळणावरच्या देवळीपुढे हात जोडून सांगायची, "पुई गेली बरं का, तुम्हाला विचारून गेली." मग ती भात वाफवायला लावायची.

आज अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. तिने फोन लावला, पण गाडी घेऊन निघाली की परत येईपर्यंत पुई फोन बंद ठेवते, आणि तो नियम खुद्द आईनेच घालून दिलेला. चानपेन खाली उतरली. देवळीपुढे आली, पण सांगायला काही नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिली.

पांगहोक गावचं वळण म्हणजे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. ऐन वळणावर, कडेला राखणदाराची देवळी, तिच्यापुढे लाकडी हत्तींची रांग आणि नैवेद्याच्या लाल सरबताच्या नळी घातलेल्या बाटल्या. ट्रक असो, बस असो, पोलिसाची मोटार असो, इथून जाताना तीन हॉर्न द्यायचे, मगच घाट उतरायचा. हा रिवाज कुणी घातला ते कुणालाच माहीत नाही आणि मोडायची कुणाची छाती नाही. ज्यांना थोडी सवड असे ते उतरून चानपेनकडून मोगऱ्याची माळ घ्यायचे, लुंगच्या शेगडीवरचा बांबूत भाजलेला भात घ्यायचे आणि पुढे जायचे. दिवसभर एवढे हॉर्न वाजत, की गावातली कुत्रीसुद्धा कान हलवत नसत.

चार महिन्यांपूर्वी बायपास झाला आणि गाव मुकं झालं. रस्ता सरळ, रुंद, पाऊण तास वाचवणारा. तिकडून जाणाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा? कॉफीवाली शहरात बहिणीकडे गेली. पंक्चरवाल्याने टायर रचून त्यांत मिरच्या लावल्या. लुंग मात्र रोज पाच नळ्या भात भाजायचा आणि संध्याकाळी चार स्वतःच खायचा. चानपेन रोज एक माळ ओवायची, देवळीपुरती. बाकीच्यांना धंद्याची चिंता होती. चानपेनला भीती होती, आणि ती वेगळी होती. तिकडे गाड्या भरधाव धावतात, कुणी कुणाला विचारत नाही, आणि राखणदार इथे एकटा ऐकत बसलेला. तो किती दिवस ऐकून घेईल?

भीतीला कारण होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चानपेनचा नवरा कोबीचा ट्रक घेऊन याच वळणावरून उतरला. शेजारी ती, मांडीवर चार महिन्यांची पुई. पोर रात्रभर रडली होती आणि नुकती कुठे डोळा लागला होता. वळण आलं, नवऱ्याचा हात हॉर्नवर गेला. तो हात चानपेनने धरला. "नको वाजवू, पोर आत्ताच झोपलीय." तो हसला, देवळीकडे बघून त्याने नुसती मान लववली. दुसऱ्या वळणावर ब्रेक लागले नाहीत. मायलेकी बांबूच्या बेटात फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. तो वाचला नाही.

लोकांना तिने सांगितलं, हॉर्न द्यायला विसरला. पुईलाही हेच सांगितलं. त्यानंतर ती या वळणावर माळा घेऊन बसली ती बसलीच. लोक म्हणायचे, बाईची काय श्रद्धा! श्रद्धा कसली, ती अठ्ठावीस वर्षं राखणदाराची मनधरणी करत होती, की माझी चूक माझ्यापाशी राहू दे, पोरीपाशी जाऊ नको.

दोन वाजून गेले असतील. ती देवळीपुढे झाडत होती, आणि घाटाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. एक, दोन, तीन.

एक ट्रक वळण घेऊन निघून गेला. तिच्या हातातला झाडू तसाच राहिला. पाठोपाठ दुसरा आला. मग बस, मग दोन मोटारी, मग ट्रकांची रांगच. हॉर्नवर हॉर्न. दरी दणाणून गेली. कुत्री चार महिन्यांत सवय मोडल्यासारखी भुंकायला लागली. लुंग मून धोतरासारखा गुंडाळलेला पंचा सावरत धावत आला.

"आले गं आले! मी म्हटलं नव्हतं, नव्या रस्त्याचं कौतुक चार दिवसांचं! कंटाळले सगळे. ऊठ, माळा ओव! मी वीस नळ्या लावतो, बघतेस काय?"

पंक्चरवाल्याची बायको टोपल्या घेऊन पळाली. कुणीतरी केळी भाजायला घेतली. गावात जत्रा भरल्यासारखं झालं, आणि चानपेनच्या अंगावर काटा उभा राहिला. या माणसांना कळत कसं नाही? चार महिने न आलेल्या गाड्या एकाएकी का येतील? रस्त्याच्या मधोमध जाऊन तिने एका ट्रकपुढे हात आडवा केला.

"मावशी, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"बायपासला काय झालं?"

"बंद केलाय. खिंडीत गाडी उलटलीय, आडवी पडलीय रस्त्यात."

"कसली गाडी?"

"लांबून बघितली. पांढरी होती. व्हॅन असावी. सरका, मागे रांग लागलीय!"

व्हॅन सगळ्याच पांढऱ्या असतात, हे चानपेनला ठाऊक होतं. पण दोन वाजता शहराकडून परतीच्या वाटेवर त्या खिंडीत असणारी पांढरी व्हॅन तिला एकच ठाऊक होती. तिने पुन्हा फोन लावला. बंद. ती तशीच मोगऱ्याच्या परातीपाशी बसली आणि लांब सुईत कळ्या ओवायला लागली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. सुई दोनदा बोटात गेली. पांढऱ्या कळीवर लाल ठिपका आला, ती कळी तिने काढून टाकली.

व्हॅन येत होत्या. प्रत्येक व्हॅन तीन हॉर्न देत होती, आणि प्रत्येक वेळी ती मान वर करून कान द्यायची. तीन सारखे. तीन आखूड. एक नवशिका तर पाच वाजवून गेला. दोन आखूड, एक लांब कुणाचेच नव्हते. ज्या आवाजासाठी चार महिने ती टेकाडावर जीव कानात आणून उभी राहत होती, तोच आवाज आता कपाळात घणासारखा बसत होता.

"खा काहीतरी," लुंगने भाताची नळी पुढे केली. तिच्या तोंडाकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "काय गं? पुई का?"

तिने मान हलवली. लुंग तिथेच बसला. गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण तो उठला नाही.

सव्वातीनला वळणावरून एक पांढरी व्हॅन आली. हॉर्न न देता. चोरपावलांनी यावी तशी हळूहळू आली, कडेला लागली आणि देवळीपुढे थांबली. बिनहॉर्नची गाडी बघून लुंगने जीभ चावली. चानपेनने मान खाली घातली. वर बघायचा तिला धीर होईना. हॉर्न न देता आलेली गाडी खरी की भुताटकीची, कुणी सांगावं?

दार हलकेच सरकलं.

"आई," कुणीतरी कुजबुजलं.

पुई होती. धुळीने माखलेले केस, गळ्यात तोच मळका रुमाल, आणि ओठांवर बोट. चानपेनने तिचा दंड धरला. दंड गरम होता. मग तिने दुसराही धरला.

"अगं दुखतंय," पुई दबक्या आवाजात म्हणाली. "एवढी गारठलीस कशानं? ती उलटलेली गाडी वाटली का तुला मी? कोबीची होती ती. ड्रायव्हरचा हात मोडला, बाकी बरा आहे. उगीच जिवाला घोर लावून घेतेस."

चानपेनने दंड सोडले नाहीत. "सकाळी वाजवला नाहीस."

"तेच सांगतेय. ती बघ पुढच्या सीटवर." काचेआड एक कोवळी मुलगी बसली होती, विशी-बाविशीची, छातीशी फडक्यात गुंडाळलेलं मूल. "सकाळी लस टोचायला नेलं, आता परत चाललीय. रात्रभर रडलं म्हणे. दगडापाशी मी हॉर्नवर हात ठेवला तर बिचारीनं माझा हातच धरला. म्हणाली, नको वाजवू ताई, पोर आत्ताच झोपलंय. मग मी नुसती मान लववली." पुई जरा ओशाळली. "रागावलीस?"

चानपेनने देवळीचा खांब धरला.

"आता पण झोपलंय," पुई म्हणाली. "इथपर्यंत गुपचूप आणली गाडी. पण आई, लांबून नाही वाजवला ते एक वेळ ठीक. त्याच्या दारातून बिनहॉर्नची कशी जाऊ? बाबांचं तसंच झालं ना? तू सांगशील तसं करते. उठवू का पोराला?"

चानपेन गाडीपाशी गेली. काच अर्धी उघडी होती. मुलाच्या ओठाला दूध लागलेलं होतं. त्या मुलीचे डोळे जागरणाने सुजले होते आणि ती पुईच्या हाताकडे, मग हॉर्नकडे, मग चानपेनकडे बघत होती. पुढे घाट होता. पहिलं वळण, मग दुसरं. नुसतं वाजव म्हणायचं, की झालं. मूल दहा मिनिटं रडेल, त्याहून काय जास्त? पण या पोरीने काय गुन्हा केला होता? लेकराची झोप मोडू नये, एवढंच तर तिला वाटलं. आणि उद्या काही झालं असतं, तर ही पोर जन्मभर कुठल्या वळणावर जाऊन बसली असती?

चानपेनने हातातली माळ काचेतून आत घालून आरशाला बांधली. गाठ नीट बसेना, तिने ती सोडून पुन्हा मारली.

"नको वाजवू," ती म्हणाली. "पोर आत्ताच झोपलंय."

पुईने आईकडे टक लावून बघितलं. मग देवळीकडे वळून हात जोडले आणि गाडीत बसली. व्हॅन जशी आली तशीच हळू निघाली.

चानपेन रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. इंजिनाचा आवाज पहिल्या वळणावर बारीक झाला, पुन्हा उघडा पडला. आता सरळ उतार. त्यापुढे दुसरं वळण. तिने श्वास धरून ठेवला. आवाज अजून होता, सुतासारखा, पण होता.

एवढ्यात मागून उसाचा ट्रक आला आणि राखणदारापुढे त्याने दणदणीत हॉर्न दिला. व्हॅनचा आवाज त्यात बुडाला. चानपेनने घाईघाईने हात वर केला आणि तो जोरजोरात हलवून त्याला थांब, थांब म्हणून खुणावलं. दुसरा हॉर्न झाला, तिसरा झाला. म्हातारी निरोप देतेय असं वाटून ड्रायव्हर हसला, आणि त्यानेही खिडकीतून हात हलवला.