लाल गाडीचा टायर, निळ्या होडीवर

मी टायर बोलतोय. साधासुधा नाही, स्पोर्ट्स कारचा! आता दिवाळे गावच्या जेटीवर एका निळ्या होडीला दोरीनं लटकतोय, म्हणून माझी कीव करू नका. कीव करायचीच असेल तर त्या टायरांची करा, जे खोटा चेहरा लावून अजून रस्त्यावर पळतायत. मी त्यातला नाही.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय विचारता! अंगभर खोल खाचांची नक्षी. दोन दारांच्या लाल गाडीला पुढे डावीकडे मला बसवलं. पहिले मालक खारघरचे चंद्रशेखर. दर रविवारी ते माझ्या खाचांतले खडे जुन्या टूथब्रशनं काढायचे, सोसायटीला एक चक्कर मारायचे आणि गाडी पुन्हा झाकून ठेवायचे. अहो, पळायला जन्मलेल्याला असं देव्हाऱ्यात बसवतात का? पुढे त्यांच्या घरी बाळ आलं, बाळाची खुर्ची मागच्या सीटवर मावेना, आणि गाडी विकायला निघाली.

ती घेतली दिवाळ्याच्या कल्पेशनं. वडील तुळशीराम होडीवर, आई जमुना मासळी विकते आणि हा बेलापूरला नोकरीला. गाव हसलं. "लाल गाडी घेतलीस, आता मासली काय डिकीत भरनार?"

"भरीन! माजी गाडी, माज्या आईची मासली!" कल्पेश म्हणाला आणि खरंच भरली की हो. रोज सकाळी जमुनाची पाटी त्या डिकीतून बाजारात जायला लागली. सिग्नलला शेजारच्या गाड्यांतली माणसं नाक मुरडायची. मुरडा म्हणावं! मला तर त्या गाडीत पहिल्यांदाच जीव आल्यासारखा वाटला.

पण पळता पळता मी झिजलो. नक्षी गेली, पार गुळगुळीत झालो. कल्पेश मोबाइलवर रुंद, भारी टायरांचे फोटो बघत बसायचा आणि किंमत दिसली की मोबाइल उलटा ठेवायचा. "काडतील अजून थोडे दिवस," म्हणायचा. काढतोय कपाळ!

मग एका सकाळी बाजाराच्या तोंडाशी बर्फाचं पाणी सांडलं होतं. कल्पेशनं ब्रेक मारला. मी रस्ता धरायला जिवाचं रान केलं, पण धरू कशानं? गाडी सरकत गेली आणि एका कोळणीपासून हातभरावर थांबली. शेजारी बसलेल्या जमुनानं लेकाच्या पाठीत धपाटा घातला.

"मुडद्या! पुडच्या महिन्यात बहिनीला ह्याच गाडीतनं सासरी नेनार ना? उरनपर्यंत, भर पावसात? चल, आताच्या आता टायर बगायला."

खांदेश्वरच्या टायरच्या दुकानात तिघं आली. कल्पेश, जमुना आणि लग्न ठरलेली बहीण भाविका. दुकानदार प्रसाद बोलण्यात गोड. कल्पेशनं बजेट सांगितलं तसा त्यानं आतून चार टायर काढले. "थोडेसे वापरलेत, पण एकदम मस्त. तुमच्या बजेटात बसतात, टेन्शन नाय." काळेकुळकुळीत, चकचकीत. मला गाडीवरून उतरवलं होतं, जमिनीवर पडून मी बघत होतो. आतून म्हातारा झालेला टायर टायरापासून लपत नाही.

जमुना पुढे झाली. मासळी बघतात तसा तिनं टायरात अंगठा दाबला. "कडक हाय. ताजा हाय!" मग एका भारी नव्या टायराला दाबलं. "हा मऊ लागतो. शिला माल."

अगं बाई! मासा मऊ म्हणजे शिळा, पण टायर उलटा असतो गं. रबर जुनं झालं की दगड होतं. मी ओरडणार कसा? तोंडच नाही.

कल्पेश पाकीट काढायला लागला. स्वस्तात काम होत होतं, त्याला बरंच वाटत होतं. तेवढ्यात भाविका म्हणाली, "आई, नुसता अंगठा काय दाबतेस? माशाचा कल्ला उघडून लाली बगतेस ना, तसं ह्याला बग." तिनं ओढणीनं टायराची कड खसखसून पुसली. पॉलिश निघालं आणि खाली भेगाच भेगा. कडेला कोरलेलं वर्षसुद्धा भाविकानं वाचून दाखवलं. माझ्याहून थोरला होता गडी!

जमुनानं कपाळावर हात मारला, मग कमरेवर ठेवला. "मेल्या, कल्ल्याला रंग लावलेला मासा विकतोस? तोसुदा कोलनीला?"

प्रसाद वरमला. शेवटी नवे टायर निघाले. कल्पेशच्या मनातले रुंद आणि भारी थोडे बजेटाबाहेर होते. प्रसादनं लगेच उपाय सांगितला. "तुमचे जुने चार इथे सोडा. मी त्यांना खाचा पाडून विकतो. तेवढं कमी करतो, तुमचे आवडते टायर बसतील."

माझ्या अंगावर काटा आला. खाचा कुठे पाडणार? रबर उरलंय कुठे? दोन कट मारले की आतल्या तारा बाहेर. आणि मग कुणाच्या तरी गाडीखाली, कुणाच्या तरी भाविकाला घेऊन मी फुटणार! नाही. मला भंगार करा, जाळा, पण खुनी करू नका.

कल्पेशनं वाकून माझ्या गुळगुळीत अंगावरून बोट फिरवलं. त्याला ते टायर फार हवे होते, मला ठाऊक आहे. मग त्यानं आईकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली, "सडलेली मासली आपन कुनाच्या पाटीत टाकली नाय."

"साधे नवे द्या," कल्पेश म्हणाला. "आनि माजे जुने डिकीत भरा. उरले ते सीटवर. घेऊन जानार."

घरी तुळशीरामनं मला उचलून पाहिलं. "धक्का खाशील काय रं?" असं मलाच विचारलं आणि होडी जेटीवर आपटू नये म्हणून आम्हा चौघांना तिच्या कुशीला बांधलं.

लग्नाच्या दिवशी धो धो पाऊस होता. लाल गाडी गेली आणि मी दिवसभर जीव मुठीत धरून लटकत होतो. संध्याकाळी कल्पेश भिजत जेटीवर आला, माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "पोचली रं भाविका. जरासुदा सरकली नाय गाडी." आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडला.

तर मंडळी, जुना टायर दुकानात टाकून येताना एकदा विचारा, हा आता कुठे जाणार? आणि इथं आलात तर खुशाल होडी धक्क्याला आपटा. मी मधे आहे. आता मी सरकत नाही.