भुतांच्या दवाखान्यातला मुका अलार्म

मित्रांनो, आयर्लंडमधल्या कासलबार गावातल्या एका भाड्याच्या घरात, शेकोटीशेजारच्या भिंतीवर तळहाताएवढा पांढरा डबा आहे. तो जुना डबा म्हणजे मी. कोळसा नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला आधी गुंगी आणतो, मग झोपवतो, मग उठू देत नाही. तो खोलीत शिरला की किंचाळायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं.

कारखान्यात त्या वायूची पहिली झुळूक लागताच मी असा ओरडलो की तपासणाऱ्या बाईंनी कानांवर हात ठेवले. या घरात आलो तेव्हा घरमालकीण मिसेस मोरन येता-जाता माझं बटण दाबायच्या. मी बीप केलं की "ग्रँड!", म्हणजे झकास, म्हणायच्या. पुढे त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि इथे डॉक्टर प्रताप, त्याची बायको क्षितिजा आणि छोटी स्वरांगी आली. तेव्हापासून माझ्या बटणाला कुणी हात लावला नाही. अंगावर धूळ साचली.

२०१६ चा हॅलोवीन, म्हणजे इथला भुतांच्या सोंगांचा सण, सोमवारी, सुट्टीच्या दिवशी आला. क्षितिजाने हॉस्पिटलमधल्या नव्या मराठी डॉक्टरांना बोलावलं होतं.

"अगं, सगळे भिडस्त आहेत. मोबाईलमध्ये डोकं घालून बसतील," प्रताप म्हणाला.

"गप्प माणसाला बोल म्हटलं की तो आणखी मिटतो. त्याच्या हाताला काम द्यायचं," क्षितिजा म्हणाली.

तिने खेळ ठरवला, भुतांचा दवाखाना. कुणी हडळ होऊन कण्हायचं, कुणी वेताळाची नाडी बघायची. सगळ्यांत अबोल रेवतीने दारात उभं राहून, सोंगं घेऊन दारोदार येणाऱ्या मुलांना चॉकलेटं वाटायची.

हसणाऱ्या हडळीच्या बाहुलीला बॅटऱ्या कमी पडल्या. क्षितिजाने माझं झाकण उघडून माझ्या काढून घेतल्या.

"उद्या परत घालते," ती म्हणाली. मी मुका झालो.

संध्याकाळी वारा सुटला. प्रतापने शेकोटीत कोळसा पेटवला. भिंतीतल्या हवेच्या भोकातून गार झोत येत होता, म्हणून त्यात टॉवेल कोंबला. धुराडंही कित्येक दिवसांत झाडलं नव्हतं. तो वायू शांतपणे खोलीत उतरू लागला. माझ्या अंगावरून गेला. ओरडायला माझ्यात बळ नव्हतं.

खेळ मात्र रंगला. लाजाळू हरीश डोकं धरून सोफ्यावर कलंडला.

"खरंच गरगरतंय रे!"

"काय अ‍ॅक्टिंग करतो!" टाळ्या पडल्या. मळमळतंय म्हणून मेधा खाली बसली, तिलाही टाळ्या मिळाल्या. पण त्या टाळ्या आता जड हातांच्या होत्या. स्वरांगी गालिच्यावर आडवी झाली.

"मम, आय वॉन्ट टु स्लीप," ती पुटपुटली. हडळ खदखदा हसत राहिली.

चॉकलेटांचा वाडगा रिकामा झाला म्हणून रेवती आत आली. ती गार वाऱ्यात उभी होती, तिला काहीच झालं नव्हतं. ती थबकली.

"तुम्हा सगळ्यांचंच डोकं दुखतंय का?" तिने हळूच विचारलं.

"आल्या बघा मोठ्या डॉक्टरीणबाई!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. रेवतीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं. ही आता दारात परत जाणार.

तिने शेकोटीकडे पाहिलं. मग माझ्या उघड्या, रिकाम्या पोटाकडे.

"खेळ बंद!" ती ओरडली. "गॅस आहे हा! उठा, बाहेर चला!"

तिने स्वरांगीला उचललं. ते पोर तिच्या खांद्यावर लुळं पडलं होतं. प्रताप धडपडत उठला आणि हरीशला ओढत अंगणात घेऊन गेला. मागोमाग बाकीचे गेले. अँब्युलन्स आली, ऑक्सिजन लागला. हॉस्पिटलमध्ये स्वरांगीने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा क्षितिजा रेवतीच्या गळ्यात पडून रडली, असं मी नंतर ऐकलं. सगळे वाचले.

मित्रांनो, आपापल्या घरातल्या अलार्मचं बटण अधूनमधून दाबून बघा. धुराडं झाडून घ्या, हवेचं भोक बुजवू नका. अलार्मवर छापलेली मुदत संपली की नवा आणा, आम्हाला वाईट वाटणार नाही. आणि भरल्या खोलीत एखादं अबोल माणूस भीत भीत काही विचारू लागलं, तर आधी हसणं थांबवा.