मालकाच्या जावयाची मोटार

मी सारंग, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. त्या फेरीला मालकाचा जावई आमच्याबरोबर निघाला, स्वतःची मोटार घेऊन. ती डेकवर डाव्या अंगाला साखळ्यांनी बांधली. बाकी दोन्हीकडे फरशांच्या पेट्या.

दुपारी वादळानं गाठलं. तळात पाणी शिरलं आणि जहाज डावीकडे कललं. माझा धाकटा भाऊ खाली इंजिनापाशी पंप चालवत होता. जहाज उलटलं असतं तर आम्ही उड्या तरी मारल्या असत्या; तो मात्र तिथंच बुडाला असता.

"माल फेका!" जावई ओरडला.

"डावीकडचा," मी म्हणालो.

"तिथं माझी गाडी आहे! उजवीकडचा फेका. तिकडे उभंही राहता येतं."

आणि कप्तान, तीस वर्षं समुद्रात घालवलेला माणूस, नंदीबैलासारखी मान डोलावून मोकळा! अहो, तराजूचं एक पारडं खाली गेलं, तर वरचं रिकामं करतात का? भाजीवालीलाही कळतं. पण हुकूम तो हुकूम. चाळीस पेट्या गेल्या आणि आम्ही आणखी डावीकडे झुकलो.

"फेका, फेका, फरक पडतोय!" कप्तान म्हणाला.

पडत होता ना बाबा!

माझं डोकं फिरलं. हातोडा घेतला आणि मोटारीच्या साखळ्यांचे आकडे ठोकून सोडवले. मोटार कठडा मोडून पाण्यात गेली. जावयानं असा गळा काढला, जणू पोटचं पोर गेलं. मग डावीकडच्या पेट्या ढकलल्या, तेव्हा कुठं जहाज सावरलं. भाऊ वर आला, तेलानं माखलेला, आणि माझ्या गळ्यात पडून रडला. "दादा, तू नसतास तर मेलो होतो."

बंदरात चौकशी झाली. सारंग घाबरला, त्यानं हुकूम मोडला, असं कप्तानानं बेलाशक सांगितलं. त्याच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती. मग भावाला विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी खाली होतो साहेब. वर काय झालं, मला माहीत नाही."

मला घरी बसवलं. भाऊ त्याच जहाजावर आता इंजिनाचा मुख्य आहे. सुट्टीला येतो, दाराशी उभा राहून "दादा, कसा आहेस?" विचारतो. आई म्हणते, धाकटा आहे, बोल त्याच्याशी.

मी नाही बोलत.