एकाच पुलाचा निधी

दुष्काळाच्या कामांवर भोकरदन तालुक्यात बरेच रस्ते झाले, पण नाल्यांवरचे पूल राहून गेले. खडी पडलेली असूनही पावसाळ्यात त्या रस्त्यांवर एस.टी. चालवणं शक्य नव्हतं. पाहणीला आलेले अधिकारी म्हणाले, पूल झाला की गाडी सुरू करू. पंचायत समितीकडे त्या वर्षी निधी मात्र एकाच पुलापुरता होता, आणि मागणी दोन गावांची होती. एक खडकी, दुसरं आंबेवाडी.

सभापती तातेराव खडकीचेच. आदल्या श्रावणात त्यांची सून शिवकन्या बाळंतपणात अडली होती. तिला दवाखान्यात नेणारी बैलगाडी नाल्याकाठी थांबली, आणि पाणी उतरायच्या आतच शिवकन्या गाडीतच दगावली. मूलही गेलं. त्यामुळे पूल खडकीलाच होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी खडकीतले कापडाचे व्यापारी शिवनारायण तातेरावांच्या ओसरीवर आले.

"लोकवर्गणीची फिकीर करू नका. गावाचा सगळा हिस्सा मी भरतो. गाडी आली की आपला बाजार बराबर बसंल."

"उद्या सभेत बघू," तातेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोकरदनला सभा सुरू झाली तेव्हा आंबेवाडीच्या काही बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या मालनबाई बौद्ध वस्तीतल्या, शेतमजुरी करणाऱ्या. तातेरावांनी त्यांना बोलायला सांगितलं.

"आमच्यापाशी वर्गणी न्हाई, साहेब," त्या म्हणाल्या. "दगड फोडून देऊ, मुरूम टाकू. त्या नाल्यापल्याड चार गावं हायेत. पोरी सातवीच्या पुढं शिकून न्हाई राह्यल्या. बाळंतिणीला खाटंवर घालून आणावं लागतं."

सदस्यांपैकी अप्पाराव म्हणाले, "वर्गणी रोख लागते ना?"

"श्रमदानही हिशेबात धरता येतं," गटविकास अधिकाऱ्यांनी सांगितलं. "आधी कोणता पूल घ्यायचा, ते मात्र सभेनं ठरवायचं."

हात वर झाले. दोन्हीकडे सारखीच मतं पडली. आता निर्णय सभापतींच्या मतावर होता.

"आंबेवाडी," तातेराव म्हणाले.

ऐकायला आलेले शिवनारायण उठून गेले.

तातेराव घरी पोचले तेव्हा बातमी त्यांच्या आधीच आली होती. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि उंबऱ्याशी बसल्या.

"मत देताना शिवकन्या आठवली न्हाई का तुम्हाला?"

"आठवली."

"मंग?"

"आपल्या पुलाचा फायदा आपल्याच गावाला. तिकडं चार गावं हायेत. तिथल्या सुनाबी अशाच गाडीत मराव्यात, असं कसं म्हणू?"

"आपली गेली, तिचं काय?"

द्वारकाबाई उठून आत गेल्या. त्यानंतर त्या घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

उन्हाळ्यात आंबेवाडीचा पूल झाला. बायांनी उन्हात दगड फोडले, आणि पावसाळा लागला तरी गाडी चालू राहिली. खडकीच्या लोकांनी तातेरावांच्या ओसरीवर येणं सोडलं. खडकीच्या पुलाचा ठराव ते दर वर्षी मांडत राहिले, पण त्याला निधी मिळाला नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांना गावातूनही मतं पडली नाहीत. मुलाने दुसरं लग्न केलं आणि तो बदनापूरला कामाला निघून गेला. घरात दोघंच राहिली.

एके दिवशी द्वारकाबाईंच्या भावाला भोकरदनच्या दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. खडकीच्या नाल्याला पाणी होतं. इतकी वर्षं त्या आंबेवाडीच्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्या दिवशी नाला न ओलांडता अलीकडच्या बांधांवरून चिखल तुडवत त्या आंबेवाडीला गेल्या आणि गाडीत चढल्या.

दिवेलागणीला परत आल्यावर तातेरावांनी विचारलं, "कसा हाय भाऊ?"

"उतार पडलाय." त्या पाय धुऊन ओसरीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "गाडीत लई गर्दी. निम्म्या तर शाळेच्या पोरीच. एक पोटुशी होती, आईसंगं दवाखान्याला चालली होती. मी तिला माझी जागा दिली."



"पार भोकरदनपर्यंत तिच्याकडंच बघत होते," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. मग त्या चुलीकडे गेल्या, आणि त्या दिवशी किती तरी काळाने दोघांची ताटं शेजारी शेजारी वाढली.